विश्लेषण : मिऱ्याचा बंधारा घरे वाचवेल; पण पुळण परत येईल?

रत्नागिरीच्या पांढऱ्या समुद्रापासून मिऱ्यापर्यंतचा किनारा वाचवण्यासाठी दीडशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा टेट्रापॉडचा धूपप्रतिबंधक बंधारा हाती घेण्यात आला. उधाणाचे पाणी घरात शिरू नये ही रहिवाशांची मागणी जुनी आणि रास्त आहे. पण किनारा वाचवणे आणि पुळण वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशातील पर्यटनस्थळी पुळणीवर लाकडी खांबांच्या रांगा समुद्रात शिरलेल्या दिसतात. तसे काही इथे का होत नाही, हा प्रश्नही अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर लाकडात कमी आणि वाळूच्या प्रवासात जास्त आहे.

मिऱ्याचा किनारा इतका नाजूक का?

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेला दोन डोंगर समुद्रात शिरलेले आहेत. दक्षिणेला रत्नदुर्ग किल्ल्याचा, म्हणजे भगवतीचा, आणि उत्तरेला मिऱ्याचा. या दोन टोकांच्या मध्ये वाकलेली वाळूची पट्टी म्हणजे पांढरा समुद्र, मुरुगवाडा, पंधरामाड आणि पुढे मिऱ्या. ही पट्टी रुंद नाही. एका बाजूला खुला अरबी समुद्र, मागच्या बाजूला खाडीचा सखल भाग आणि मध्ये घरे, माडाच्या बागा, विहिरी, रस्ता. कोल्हापूरमार्गे थेट विदर्भापर्यंत जाणारा मिऱ्या-नागपूर महामार्ग नावापुरता तरी याच टोकाला सुरू होतो.

पट्टी अरुंद असल्याने इथे मागे हटायला जागा नाही. इतर गावांत समुद्र दहा मीटर आत आला तर एखादी बाग जाते. इथे घराचे अंगण जाते. विहिरीचे पाणी मचूळ होते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, नैर्ऋत्येचा वारा आणि उंच लाटा हे तिन्ही एकाच दिवशी आले की पाणी बंधाऱ्यावरून उडून वस्तीत येते. रत्नागिरीत मोठ्या भरतीला पाण्याची पातळी ओहोटीपेक्षा दोन मीटरहून अधिक चढते. पावसाळ्यात खोल समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा ही रोजची गोष्ट असते.

‘पांढरा समुद्र’ हे नावही लक्षात घेण्यासारखे आहे. किल्ल्याच्या दक्षिणेला मांडवीचा किनारा काळ्या वाळूचा, म्हणून तो काळा समुद्र. ती काळी वाळू इल्मेनाइटसारख्या जड खनिजांची. किल्ल्याच्या उत्तरेला मात्र शिंपल्यांच्या चुऱ्याने उजळलेली वाळू, म्हणून पांढरा समुद्र. एकाच शहरात, एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन रंगांची वाळू आहे. याचाच अर्थ असा की, डोंगराला वळसा घालून वाळूची फारशी देवाणघेवाण होत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका निरीक्षणावर उभे आहे.

वाळू जाते कुठे?

कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारले तर तो सांगेल की पुळण दरवर्षी जाते आणि दरवर्षी येते. आगोट लागली, लाटा उंचावल्या, की वाळू किनाऱ्यावरून ओढली जाऊन थोड्या खोल पाण्यात दांड्यासारखी साठते. दांडा म्हणजे लाटांसाठी गतिरोधकच. मोठी लाट आधी तिथेच फुटते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की लहान, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्यावर आणून टाकतात. जानेवारी-फेब्रुवारीत पुळण पुन्हा भरलेली दिसते. तेव्हा पावसाळ्यात पुळण खाली गेलेली दिसली म्हणजे धूप झालीच असे नव्हे. गेलेली वाळू परत येत नाही, तेव्हा खरी धूप सुरू होते.

मिऱ्याच्या बाबतीत ती परत का येत नाही, याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. स्थानिक आणि अभ्यासक अनेकदा बोट दाखवतात ते किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या भगवती बंदराच्या लाटरोधक भिंतीकडे. अशी भिंत उभी राहिली की तिच्या आडोशाला पाणी संथ होते. संथ पाण्यात वाळू बसते. ती येते शेजारच्या उघड्या पुळणीवरूनच. पुळण म्हणजे दोन डोंगरांमध्ये ठेवलेला मोजका ऐवज. त्यातला एक भाग आडोशाला जाऊन अडकला की उरलेल्या भागात तेवढी तूट पडते आणि बाहेरून ती भरून काढणारे कोणी नसते.

दुसरे कारण वाळूच्या आवकेचे. नद्यांवरची धरणे आणि खाड्यांमधला वाळूउपसा यांनी समुद्राला मिळणारा पुरवठा कोकणभर आटवला आहे. तिसरे कारण आपणच पुळणीच्या मागे केलेली बांधकामे. पूर्वी पुळणीमागे वाळूचे उंचवटे असत. त्यावर मर्यादवेल पसरलेली असे. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही वेल सुरू होते, असे तिचे नावच सांगते. हे उंचवटे म्हणजे पावसाळ्यात खर्च करायची शिल्लक. रस्ते, कुंपणे आणि घरे त्यावर आली, तशी ती शिल्लक संपली.

यात आता समुद्राच्या वाढत्या पातळीची भर आहे. भू-विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार, १९९३ ते २०१५ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. आकडा छोटा वाटतो. पण सपाट पुळणीवर उभी वाढ थोडी असली तरी पाणी आडवे बरेच आत सरकते.

‘निसर्ग’, ‘तौक्ते’ आणि एक जहाज

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच दिवशी ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्या-पंधरामाडच्या किनाऱ्याला लागले. कर्मचाऱ्यांना सुखरूप बाहेर काढण्यात आले, पण जहाज अनेक वर्षे तिथेच रुतून राहिले. लोक ते बघायला येत, छायाचित्रे काढत. बंधाऱ्यावर त्याचे आघात होत असल्याची रहिवाशांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ रत्नागिरीच्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले.

रुतलेले जहाज ही केवळ भंगाराची बाब नसते, हे गोव्याने आधी अनुभवले आहे. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याला ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज लागले आणि ते पूर्ण हटवायला २०१२ उजाडले. एवढे मोठे धूड पुळणीसमोर उभे राहिले की ते न मागता मिळालेली लाटरोधक भिंत ठरते. त्याच्या मागे वाळू साठते, बाजूची पुळण खचते. कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्यावर नेमकी हीच तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली.

लाकडी ग्रोयन म्हणजे काय?

ग्रोयन म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे काटकोनात नेलेला आडवा बांध. बंधारा किनाऱ्याला समांतर असतो आणि लाटेला तोंड देतो. ग्रोयन लाटेला अडवत नाही. तो वाळूला अडवतो. लाटा किनाऱ्यावर तिरक्या येत असतील तर वाळू किनाऱ्यालगत एका दिशेने सरकत जाते. वाटेत आडवा बांध घातला की ती त्याच्या अलीकडे साठते. असे अनेक बांध ठरावीक अंतरावर घातले की करवतीच्या दातांसारखी पुळण तयार होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची पर्यटनस्थळे या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहेत. बोर्नमथ या शहराची पुळण अशा लाकडी ग्रोयनांनी राखली आहे. त्यासाठी साधे लाकूड चालत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या गयानासारख्या देशांतून येणारे ग्रीनहार्ट वापरतात. ते समुद्री किड्यांना सहजी दाद देत नाही. लाकडाचा एक खास फायदा म्हणजे फळ्या वाढवता-काढता येतात. पुळण चढली की वर एक फळी ठोकायची, वाळू जास्त अडली तर एक काढायची. दगडाच्या बांधाला ही सोय नाही.

पण हे लाकूडही पंचवीसेक वर्षांत थकते. शिवाय नुसत्या ग्रोयनांवर बोर्नमथचे भागत नाही. तिथे २०१५ ते २०३२ अशी सतरा वर्षांची योजना आखून ग्रोयन टप्प्याटप्प्याने बदलले जातात आणि पुळणीवर बाहेरून आणलेली वाळूही टाकली जाते. म्हणजे पर्यटकाला दिसतात ते लाकडी खांब. पुळण टिकते ती नियमित भरणा आणि वर्षानुवर्षांच्या देखभालीमुळे.

मग मिऱ्यावर ग्रोयन का नकोत?

नकोतच असे नाही. पण ते रामबाण नाहीत आणि लाकडी तर बहुधा नाहीतच.

लाकडाची अडचण उघड आहे. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपलेवर्गीय किडे बाराही महिने काम करतात. कोकणात लाकडी होड्या दर हंगामात ओढून, खरवडून, तेल-डांबर लावून ठेवाव्या लागत. फायबरच्या होड्या आल्यावर मच्छीमारांनी लाकूड सोडले त्यामागे हेही एक कारण होते. होडी निदान वर ओढता येते. पुळणीत ठोकलेला खांब ओढता येत नाही. त्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांचा मारा.

मोठी अडचण मात्र वेगळी आहे. ग्रोयन उपयोगी पडतो तो वाळू किनाऱ्यालगत भरपूर सरकत असेल तेव्हा. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर ती सरकते. चेन्नई-पुदुच्चेरीकडे दरवर्षी प्रचंड वाळू उत्तरेकडे वाहते. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरी बंदराच्या भिंती उभ्या राहिल्यावर दक्षिणेला वाळू साठली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण पार नाहीशी झाली. कोकणात चित्र निराळे आहे. इथला किनारा डोंगरांच्या टोकांनी तुकड्यातुकड्यांत कापलेला आहे. प्रत्येक पुळण आपापल्या कप्प्यात. काळा समुद्र आणि पांढरा समुद्र एकमेकांत मिसळत नाहीत ते त्यामुळेच. अशा कप्प्यात वाळूची मोठी हालचाल किनाऱ्यालगत नव्हे, तर किनाऱ्यावरून समुद्रात आणि समुद्रातून किनाऱ्यावर अशी होते. समुद्राकडे काटकोनात घातलेला बांध ही हालचाल अडवूच शकत नाही. वाळू त्याच्या बाजूने सरळ खोल पाण्यात निघून जाते.

कप्प्याच्या आत काही प्रमाणात वाळू इकडून तिकडे होते. पावसाळ्यात एका टोकाला, उन्हाळ्यातल्या वायव्य वाऱ्यांत दुसऱ्या टोकाला. ती धरून ठेवायला एखाद-दुसरा ग्रोयन कामी येऊ शकतो. पण मग ती वाळू दुसऱ्या टोकाला पोहोचणार नाही, आणि ते टोकही कोणाच्या तरी घरासमोरचेच असणार. ग्रोयन वाळू निर्माण करत नाही. तो तिची वाटणी बदलतो. जिथे ऐवजच कमी, तिथे वाटणी बदलून भांडणे वाढतात.

टेट्रापॉडचा बंधारा काय करतो, काय करत नाही?

मुंबईकरांना मरिन ड्राइव्हवरचे चार पायांचे सिमेंटचे ठोकळे परिचित आहेत. तेच टेट्रापॉड. १९५० मध्ये फ्रान्समध्ये त्यांची रचना झाली. एकमेकांत अडकून बसणे आणि लाटेचे पाणी फटींतून फिरवून तिचा जोर मोडणे हे त्यांचे काम. जुन्या दगडी बंधाऱ्यात हेच होत नसे. सुटे दगड लाटेने हलत, पायथ्याची वाळू निघून गेली की खाली बसत, आणि पावसाळा संपला की पुन्हा दुरुस्तीचा प्रस्ताव. मिऱ्याच्या रहिवाशांनी हे चक्र अनेक वर्षे पाहिले आहे. त्यामुळे भक्कम बंधाऱ्याला त्यांचा पाठिंबा असणे स्वाभाविक आहे. ज्याच्या ओटीवर पाणी येते त्याला वाळूच्या शास्त्राची व्याख्याने ऐकवण्यात अर्थ नाही.

तरीही बंधाऱ्याच्या मर्यादा सांगायला हव्यात. बंधारा त्याच्या मागची जमीन वाचवतो. पुढची पुळण वाचवणे हे त्याचे कामच नाही. उलट लाट त्यावर आपटून परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. टेट्रापॉडमुळे हा परिणाम सपाट भिंतीपेक्षा कमी होतो, पण संपत नाही. पुळण खाली गेली की पाणी खोल होते आणि अधिक मोठी लाट न फुटता बंधाऱ्यापर्यंत येते. म्हणून पायथ्याची वाळू मोजत राहणे हा अशा बंधाऱ्याच्या देखभालीचा भाग हवा. आपल्याकडे बांधकामाचे अंदाजपत्रक होते, मोजणीचे क्वचितच.

बंधारा संपतो तिथे काय होते, हा पुढचा प्रश्न. केरळात कोचीजवळच्या चेल्लानममध्ये ३४४ कोटी रुपयांच्या योजनेतून सुमारे सव्वासात किलोमीटरची टेट्रापॉड भिंत आणि काही ठिकाणी ग्रोयन उभारले गेले. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीमागची घरे कोरडी राहिली, हे मोठे यश. मात्र भिंत जिथे संपली त्याच्या उत्तरेला कण्णमालीच्या बाजूला समुद्र आत शिरला आणि तिथल्या लोकांना भिंत पुढे वाढवा म्हणून आंदोलन करावे लागले. मिऱ्याला एक भौगोलिक फायदा आहे. दोन्ही टोकांना खडक आहेत. बंधारा एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत अखंड गेला, तर टोकाची ही अडचण बरीच टळते. मध्ये कुठे खंड राहिला, निधीअभावी किंवा जागेच्या वादामुळे, तर लाट नेमकी तिथेच घुसेल.

रापणीचे काय?

पुळण म्हणजे पर्यटकांची चैन, असा एक समज असतो. पांढरा समुद्र ही रत्नागिरीकरांची संध्याकाळची फिरायची जागा होती, हे खरेच. पण पुळण ही पारंपरिक मच्छीमारांची कामाची जागाही आहे. रापण ओढायला सलग, मोकळी पुळण लागते. होड्या वर घ्यायला, जाळी पसरायला, मासळी सुकवायला पुळण लागते. टेट्रापॉडवरून होडी ओढता येत नाही. बंधाऱ्यात होड्यांसाठी उतार ठेवले तर काही प्रमाणात सोय होते. ते किती आणि कुठे, हे आराखडा ठरतानाच मच्छीमारांशी बोलून ठरवावे लागते. नंतर फोडून केलेली वाट म्हणजे पुन्हा लाटेला आमंत्रण.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गुहागर या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि त्या निमित्ताने पर्यटकही येतात. तिथे उद्या धूप वाढली आणि मिऱ्याचेच प्रारूप उचलून नेले, तर कासवाला घरटे करायला वाळू उरणार नाही. मिऱ्यावर बंधारा अपरिहार्य आहे म्हणून तो सगळीकडेच योग्य ठरत नाही.

मऊ उपाय इथे कधी सुचवलेच नव्हते का?

सुचवले होते. आशियाई विकास बँकेने २०१० मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या किनारा संरक्षणासाठी २५ कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात कर्नाटकातील उळ्ळाल आणि रत्नागिरीतील मिऱ्या यांची निवड झाली. मिऱ्यासाठी कल्पना अशी होती की समुद्रात, पाण्याखाली, एक कृत्रिम रीफ करायचा. म्हणजे पावसाळ्यात वाळूचा दांडा जे काम करतो तेच कायमस्वरूपी करणारी रचना. लाट तिथे फुटेल, किनाऱ्यावर सौम्य होऊन येईल, आणि मागच्या पुळणीवर वाळू भरता येईल. पुदुच्चेरीत २०१८ मध्ये असाच पाण्याखालचा रीफ बसवल्यावर शहरासमोर पुळण पुन्हा दिसू लागली.

मिऱ्याच्या किनाऱ्यावर आज दिसतो तो मात्र दगड आणि टेट्रापॉडच. त्यामागे एक साधे वास्तव आहे. रीफ पाण्याखाली असतो, दिसत नाही. बंधारा दिसतो. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी लोकांना आणि लोकप्रतिनिधींना दाखवता येईल अशी गोष्ट बंधाराच असते.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रांवरून केलेल्या अभ्यासात देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा धुपत असल्याचे म्हटले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.५ टक्के आहे. जवळपास दोन तृतीयांश किनारा स्थिर आहे. याचा अर्थ महाराष्ट्राला अजून निवड करायला वाव आहे. केरळसारखी किनाऱ्याच्या मोठ्या भागावर भिंत बांधण्याची वेळ आलेली नाही.

वाळू भरणे परवडेल का?

नेदरलँड्सने १९९० पासून किनारारेषा वाळू टाकूनच राखायचे धोरण ठेवले. २०११ मध्ये तर द हेगजवळ एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकली आणि लाटांनाच ती पसरवू दिली. मिऱ्याला एवढ्याची गरज नाही आणि ते परवडणारेही नाही. पण जवळच मिरकरवाडा बंदर आहे. तिथे गाळ साचतो, नौकांना अडचण होते आणि तो काढण्याची मागणी सतत होत असते. एकीकडे वाळू नको म्हणून काढायची, काही किलोमीटरवर वाळू नाही म्हणून सिमेंट ओतायचे, ही दोन कामे कागदावर एकमेकांना भेटत नाहीत. विशाखापट्टणममध्ये बंदरातून उपसलेली वाळू शहराच्या पुळणीवर टाकण्याची पद्धत अनेक वर्षे आहे. अर्थात मिरकरवाड्याचा गाळ किती चिखलाचा आणि किती वाळूचा, हे तपासल्याशिवाय काही बोलता येणार नाही. चिखल पुळणीवर टिकत नाही आणि मासळीलाही त्रास होतो. ही तपासणी मात्र बंधाऱ्याच्या एका मीटरच्या खर्चापेक्षा फार महाग नसावी.

खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून आहे. देशभरच्या बंदरांची आणि किनाऱ्यांची प्रारूपे तिथे तपासली जातात. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. म्हणजे विद्येची वानवा नाही. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत धूप रोखण्याच्या कामांना मुभा आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०२२ मध्ये सरसकट कठीण बांधकामांबाबत राज्यांना सावध करून आधी किनारा व्यवस्थापन आराखडा करण्यावर भर दिला. अशा आराखड्यात मिऱ्या, मिरकरवाडा आणि भगवती बंदर हे तीन वेगळे प्रस्ताव नसतात. ती एकाच उपसागराची आणि एकाच वाळूच्या हिशेबाची बाब असते.

पुढे काय पाहायचे?

बंधाऱ्याची उंची किंवा टेट्रापॉडची संख्या यापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष ठेवणे उपयोगाचे. पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर जानेवारीत, ठरावीक ठिकाणी, पुळणीची पातळी मोजली जाते का आणि ते आकडे लोकांसाठी खुले होतात का, ही एक. आणि बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना, पांढऱ्या समुद्राकडे आणि मिऱ्याच्या डोंगराकडे, खडकापर्यंत काम पोहोचते की मध्येच थांबते, ही दुसरी. पहिले पाच पावसाळे गेल्यावर पायथ्याची वाळू जागेवर असेल तर ग्रोयन, रीफ किंवा वाळूचा भरणा यांची चर्चा सावकाश करता येईल. ती खाली गेलेली असेल, तर टेट्रापॉडची आणखी एक रांग मागितली जाईल, आणि तोपर्यंत वाळू भरायला पुळणच उरलेली नसेल.